उठलोय सर, बसलोय सर!

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात.

परीक्षा होते, निकाल लागतो, दहावीची पोरं दाखले घेऊन निघून जातात. त्यांचं काहीबाही मागं राहतं. एकाची पाण्याची बाटली, एकीची ओढणी, आणि जवळजवळ प्रत्येकाचा एखादा किस्सा. चहाच्या वेळी कुणीतरी एक काढतं, त्याला लागून दुसरा येतो. आम्ही सगळे हसतो. मग हसता हसता कुणीतरी कप खाली ठेवतं आणि म्हणतं, "चला, बेल झाली."

बेल झालेली नसते!

मी गणिताची मॅडम. बेळगावहून खानापूरला जाताना मच्छे ओलांडलं की पुढं एका गावात आमचं मराठी मिडियमचं हायस्कूल आहे. जानेवारीत सिलॅबस संपला, म्हणजे कसाबसा संपवला, की परीक्षेपर्यंत शाळेत एकच शब्द चालतो. रिव्हिजन! हेडमास्तर विचारतात, ऑफिसातनं साहेब येऊन विचारतात, आईबाप विचारतात, "दिवसाला किती वेळ अभ्यास करतोस रं?" पोरं उत्तर देतात. ते उत्तर खरं निघालेलं मी तरी फारसं बघितलेलं नाही. कधी वेळ सांगितल्यापेक्षा कमी असतो. कधी वेळ बरोबर असतो, पण तो कुठून काढलाय ते पोर सांगत नाही.

* * *

माझं पहिलंच वर्ष. शाळेत गणिताची जागा जूनपासून रिकामी होती. मी गेस्ट टीचर म्हणून आले ती संक्रांतीनंतर. हेडमास्तर चौगुले सर मला वर्गापर्यंत सोडायला आले आणि दारातच म्हणाले, "मॅडम, आता शिकवत बसू नका. डायरेक्ट रिव्हिजन सुरू करा."

मी फळ्यावर लिहिलं, 'त्रिकोणमिती'. आणि म्हटलं, "चला, हे आपण परत एकदा बघू."

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "मॅडम, परत म्हंजे?"

"म्हणजे रिव्हिजन गं."

"ते कळलं मॅडम. पर हेची न आमची ही पयलीच गाठ हाय!"

वर्ग हसला. मीही हसले. त्या वर्षी गणितात निम्मा वर्ग गेला. निकालाच्या दिवशी ती पोरगी गेटपाशी भेटली. तीही गेली होती. तीच आधी म्हणाली, "असू दे मॅडम. आता सप्लिमेंटरीला करूया रिव्हिजन. आता वळख झालीया न्हवं!"

* * *

सविता खानापूरकडच्या एका खेड्यातनं बसनं यायची. आई गोव्याला कामाला, घरात बाप आणि दोन भाऊ. तिघांचा स्वयंपाक, धुणं, म्हशीचं शेण, सगळं हिच्याकडं. तरी सोशल सायन्समध्ये ही पोरगी वर्गात पहिली!

मी एकदा विचारलं, "सविता, अभ्यास करतेस कधी गं?"

"बसमध्ये, मॅडम."

"आणि घरी?"

"घरात पुस्तक उघडलं की कोणतरी हाक मारतंय. बसमध्ये कोण हाक मारत न्हाई."

खरं होतं ते. रस्ता असा होता की बस खड्ड्याखड्ड्यातनं झुलत झुलत यायची. बायकांना तिकीट नाही म्हणून गर्दी ही अशी. त्या गर्दीत सविता दाराजवळच्या दांड्याला पाठ लावून उभी राहायची, पुस्तक नाकासमोर. कंडक्टरला सवय झाली होती. तो तिच्या अंगावरून हात लांब करून दुसऱ्यांना तिकीट द्यायचा, पण तिला हटवायचा नाही.

मग एका दिवाळीनंतर रस्त्याचं काम निघालं आणि खरोखरच झालं! काळा कुळकुळीत, गुळगुळीत रस्ता. आम्ही स्टाफनं पेढे खाल्ले. बस निम्म्या वेळात यायला लागली.

प्रिपरेटरीत, म्हणजे सराव परीक्षेत, सविता सोशलमध्ये सातव्या नंबरावर गेली. त्याच आठवड्यात बसमध्ये कंडक्टर मला म्हणाला, "मॅडम, ती तुमची पोरगी रोज उलट्या दिशेला का चालत जाती हो? तिच्या गावात चढत न्हाई. मागच्या स्टॉपपातूर चालत जाती आन तितनं चढती."

मी सविताला बाजूला घेऊन विचारलं. आधी नुसतीच हसली. मग म्हणाली, "काय करायचं मॅडम? रस्ता बरा झाला आन माझं सोशल गेलं!"

* * *

एका वर्षी वरून सूचना आली. शिक्षकांनी पहाटे दहावीच्या पोरांना फोन करायचा, उठवायचं आणि अभ्यासाला बसवायचं. पोरं वाटून घेतली. कन्नडच्या बसवराज सरांच्या वाट्याला मारुती आला.

बसवराज सर भला माणूस. मच्छ्यात भाड्यानं राहतात, मराठी आमच्यापेक्षा सावकाश आणि आमच्यापेक्षा नीट बोलतात. पहिल्या आठवड्यातच ते स्टाफरूममध्ये मारुतीचं कौतुक करायला लागले. "बाकीची पोरं फोन उचलत नाहीत. हा पहिल्या रिंगला उचलतो. आवाजात झोप नाही! 'उठलोय सर, बसलोय सर.' याला म्हणतात जिद्द!"

जिद्दीचा हा मारुती दुपारी माझ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "पहाटे लवकर उठतोय ना मॅडम, येणारच झोप."

एके दिवशी सरांना पहाटे सर्दीनं झोप लागेना म्हणून ते मफलर गुंडाळून व्हरांड्यात आले. तिथूनच त्यांनी मारुतीला फोन लावला. इकडं रिंग वाजायला लागली आणि तिकडं गेटबाहेर अंधारात कुणाच्या तरी खिशात गाणं वाजायला लागलं!

गेटला सायकल टेकवून एक पोरगं उभं. हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या पाकिटांच्या पिशव्या. एका हातानं गेटवरच्या पिशवीत पाकीट टाकत, मानेत फोन धरून ते म्हणत होतं, "हां सर, उठलोय सर. बसलोय सर. सायन्स वाचतोय."

सर व्हरांड्यातनं हळू आवाजात म्हणाले, "वाच."

दोन्हीकडून एकच आवाज आल्यावर मारुतीनं वर बघितलं. मारुतीचा बाप फॅक्टरीत रात्रपाळीला असायचा आणि आता ती नोकरीही सुटली होती, हे सरांना नंतर वर्गातल्या पोरांकडून कळलं. त्यानं पाकीट नीट आत ढकललं, सायकल वळवली आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला दुसराच माणूस आला. मारुतीनं लाजून ती गल्लीच सोडून दिली होती.

सर आम्हाला म्हणाले, "मी त्याला उठवायला गेलो, आणि त्याची चार घरं घालवली."

वरची सूचना अजून निघते. बसवराज सर अजून फोन करतात. फक्त त्या वर्षी मारुतीला त्यांनी पहाटेचा फोन बंद केला. ते दिवेलागणीला फोन करायचे आणि म्हणायचे, "मारुती, जेवलास? मग झोप रं आता."

* * *

आमच्या भागातल्या गावांत लक्ष्मीची मोठी यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा येते. येते तेव्हा घरं रंगवतात, सगळे पै-पाहुणे येतात, गल्लीगल्लीला मांडव आणि मांडवामांडवाला स्पीकर. आमच्या शाळेच्या गावची यात्रा नेमकी दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर आली.

दुपारच्या सुट्टीनंतर चार पोरं गायब व्हायला लागली. चौगुले सर भडकले. "यात्रेत हिंडत असणार! जाधव सर, मॅडम, जरा बघून या."

जाधव सर आमचे मराठीचे. चौगुले सरांची स्कूटर घेतली आणि जाधव सरांच्या मागं बसून मी सगळं गाव पालथं घातलं. शेवटी एका गुराख्यानं हात केला तो ओढ्यापलीकडं, स्मशानाकडं. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कट्ट्यावर, चौघं ओळीनं बसून सायन्स वाचत होती!

जाधव सर ओरडले, "अरे, ही काय जागा झाली? हितं कशाला आलाय रं?"

एकजण उठून म्हणाला, "सर, समद्या गावात हीच एक जागा हाय, जितं कोण 'जेवलास काय' म्हणून इचारत न्हाई!"

आम्ही हसलो आणि परत आलो. चौगुले सरही हसले. म्हणाले, "बसू द्या. तिथं तरी कुणी उठवायला येत नाही."

पण आलं. दोन-तीन दिवसांनी शेजारच्या वाडीतनं मयत आलं. पोरं घाईघाईनं पुस्तकं गोळा करायला लागली. पुढं चालणारा एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "कितवीला हायसा बाळानु?"

"दहावीला, आज्जा."

"मग बसा. उठू नगा." त्यानं मागं, माणसांच्या खांद्यावरच्या तिरडीकडं बघितलं. "ह्यो बी दहावीला लई हुशार हुता."

मयत त्याच्याच पोराचं होतं, हे पोरांना नंतर कळलं. त्या दिवसापासून ती स्मशानात गेली नाहीत. घरीच, पाहुण्यांच्या गर्दीत, स्पीकरच्या खाली बसून वाचायला लागली. म्हणाली, "मॅडम, आता आवाजाचं काय वाटत न्हाई."

* * *

चौगुले सर मूळचे निपाणीचे. जैन घराणं, भावाचा तंबाखूचा व्यापार. भावाला ते अण्णा म्हणतात. या अण्णांचा मुलगा अजित दहावीला होता तेव्हा सरांच्या घरचं बोलणं त्याच्यापासून सुरू व्हायचं आणि त्याच्यापाशीच संपायचं.

अजितसाठी घरातला टीव्ही काढून गोडाऊनमध्ये ठेवला. दाराची घंटी बंद केली. पाहुण्यांना 'मे महिन्यात या' म्हणून निरोप गेले. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. नंतर सगळं घर गप्प. आणि त्या गप्प घरात एकच आवाज राहायचा, आज्जांच्या खोकल्याचा. आज्जा म्हणजे सरांचे आणि अण्णांचे वडील, वय झालेलं. तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला. खोकला लागला की थांबायचा नाही. आज्जा तोंडावर टॉवेल धरायचे, तरी ऐकू यायचा.

शेवटी अण्णांनी तोडगा काढला. आज्जांना चिकोडीला, मुलीकडं पाठवायचं. "तेवढाच हवापालट. परीक्षा झाली की आणतो."

आज्जा जाताना अजितच्या खोलीत गेले नाहीत. म्हणाले, "नको, उगंच खोकला यायचा."

परीक्षा व्हायच्या आतच आज्जा चिकोडीला वारले. अजितला नेलं, संध्याकाळी परत आणलं आणि पुन्हा पुस्तकासमोर बसवलं.

अजित तालुक्यात चमकला. अण्णांनी सत्कार ठेवला. चौगुले सरांनी आम्हाला सगळ्यांना निपाणीला नेलं. मंडप, हार, पेढे. कुणीतरी माईक अजितच्या हातात दिला. "बाळ, तुझ्या यशाचं रहस्य काय? दिवसाला किती वेळ अभ्यास करायचास? आमच्या पोरांना सांग."

अजितनं माईक तोंडाजवळ नेला. परत खाली घेतला. लोकांना वाटलं, लाजतोय.

मग तो म्हणाला, "वेळ लई मिळाला. घरात कोण खोकत नव्हतं."

लोकांना नीट कळलं नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत चौगुले सर बसले होते. त्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

* * *

कच्ची पोरं शिक्षकांनी दत्तक घ्यायची, अशी एक पद्धत आमच्याकडं आहे. दत्तक म्हणजे त्याच्या अभ्यासाची, हजेरीची, पास होण्याची जबाबदारी तुमची.

जाधव सर दत्तक पोरांची एवढ्या मनानं काळजी घेतात की सख्खा बाप घेणार नाही. पोरांच्या घरी जातील, भाजीभाकरी खाऊन आलाय का विचारतील, शाळा सुटल्यावर स्पेशल क्लास घेतील, शेवटच्या बसनं बेळगावला परत जातील. त्यांच्या हातची पोरं पास होतातच.

त्या वर्षी त्यांचा स्वतःचा मुलगा शुभमही दहावीला होता. बेळगावात, इंग्लिश मिडियमला. मोठी शाळा, चांगले मार्क पडत होते, म्हणून सरांना काळजी नव्हती. सर निघायचे तेव्हा तो आंघोळीला असायचा आणि यायचे तेव्हा झोपलेला.

प्रिपरेटरीचा निकाल आला. शुभम दोन विषयांत नापास!

दुसऱ्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये आपणहून सांगितलं. चहाच्या कपात बघत सांगत होते.

"काल लई बोललो त्याला. म्हटलं, वर्षभर काय केलंस? किती वेळ अभ्यास केलास, सांग! तर खाली मान घालून उभा. मग म्हणतो कसा, 'आप्पा, तुमच्या त्या दत्तक पोरांत अजून एक जागा हाय काय?'"

चौगुले सरांनी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

जाधव सर म्हणाले, "सवय हो! तोंडातनं निघून गेलं, हेडमास्तरांना विचारून सांगतो!"

चौगुले सरांनी त्या दिवशी त्यांना दुपारच्याच बसनं घरी घालवलं. स्पेशल क्लास मी घेतला. सर घरी गेले, शुभमला समोर बसवलं, म्हणाले, "काढ पुस्तक." त्यानं काढलं. सगळं इंग्लिशमध्ये. सरांनी पानं उलटली, परत उलटली, आणि म्हणाले, "तू वाच. मी ऐकतो."

शुभम पास झाला. पण सर म्हणतात, "अजून सुद्धा तो काय वाचत होता, ते मला कळलेलं नाही. मी नुसता त्याचा आवाज ऐकत होतो. आवाज फुटला होता पोराचा. मला कुठं माहीत होतं!"

* * *

आता रेणुकाचा सांगते आणि थांबते.

मराठी मिडियमच्या पोरांना कन्नडचा पेपर जड जातो. घरी मराठी, शेतात मराठी, मग कन्नड येतं ते बाजारात आणि बसच्या पाटीवर. त्यात रजेचा अर्ज हा भरवशाचा प्रश्न. तेवढा पाठ केला की मार्क हातात. बसवराज सर आधी तो तोंडी करून घेतात. एकेकानं उभं राहायचं आणि मोठ्यानं कन्नडमध्ये म्हणायचं, 'माझ्या अक्काचं लग्न आहे, मला रजा हवी आहे.' सगळ्या वर्गाला एकच कारण, अक्काचं लग्न. लिहायला सोपं म्हणून.

त्या दिवशी पुढचा तास माझा होता. मी दारात उभी होते. एकेक पोर उठत होतं, "नन्न अक्कन मदुवे इदे," म्हणजे माझ्या अक्काचं लग्न आहे, असं म्हणून बसत होतं. रेणुकाची पाळी आली.

रेणुका म्हणाली, "नन्न मदुवे इदे."

माझं लग्न आहे!

वर्गात हशा पिकला. बसवराज सरही हसले. "अगं, 'अक्कन' राहिलं मधलं. परत म्हण."

"नन्न मदुवे इदे."

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'अक्कन' लिहिलं. त्याच्यावर छडी ठेवली. "हे बघ. हे म्हणायचं. बघून म्हण."

तिनं फळ्याकडं बघितलं. परत तेच म्हणाली.

सरांना राग सहसा येत नाही. त्या दिवशी आला. "जानेवारीपासून एकच ओळ करतोय आपण! नीट म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही."

रेणुका उभी राहिली. वर्गाचं हसणं थांबलं. मग फळ्याकडं बघत, एकेक शब्द तोडत ती म्हणाली, "नन्न... अक्कन... मदुवे इदे."

"हां! सरी, बरोबर!" सर खूश झाले. आणि बसायच्या आधी तिच्याकडून ते अजून दोनदा म्हणवून घेतलं. रिव्हिजन म्हणून!

दुसऱ्या दिवशी रेणुका आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी वर्गात विचारलं, "रेणुकाच्या गल्लीतलं कोण आहे?"

एक पोरगी उठली. "सर, तिच्या घरात लगीन हाय."

"अक्काचं ना?"

"न्हाई सर. तिला अक्का न्हाई. तीच थोरली."

सर वर्गातनं तसेच बाहेर आले. हातात खडू तसाच. चौगुले सरांसमोर उभे राहिले, पण त्यांना मराठी शब्द सापडेना. कन्नडमध्येच सगळं बोलले, आणि चौगुले सरांनी तिथल्या तिथं मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावला. अधिकारी मॅडम आल्या, दोन पोलीस आले. आम्ही तिघं त्यांच्या मागून गेलो.

दारात मांडव घातलेला होता. रेणुकाच्या हाताला मेंदी, गालाला हळद. ती चुलीमागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बापानं अधिकाऱ्यांशी वाद घातला नाही. तो सरळ बसवराज सरांच्या समोर आला.

"सर, पालकांच्या मीटिंगला तुमीच सांगितलासा न्हवं, पोरगी कन्नडात नापास हुणार म्हणून? चांगलं ठिकाण आलतं. मग म्या काय करायचं हुतं?"



अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं बापानं लिहून दिलं. मांडव उतरला. गल्लीतली माणसं आमच्याकडं बघत दारं लावून घेत होती. परत येताना चौगुले सर म्हणाले, "थांबलं बाबा एकदाचं."

मी म्हटलं, "थांबलं कुठं सर? पुढं गेलंय."

रेणुका शाळेत आली ती मावशीच्या घरून. बाप बोलत नव्हता, आईची येऊन भेटायची हिंमत नव्हती. मेंदी बरेच दिवस हातावर होती. वर्गात कुणी तिच्या हातांकडं बघायचं नाही, आणि बसवराज सर तर तिच्याकडंच बघायचे नाहीत. त्यांनी वर्गाला सांगून टाकलं, "रजेचा अर्ज घरी करा. आपण निबंध करू." तिला परत कधी उभं केलं नाही, एक ओळसुद्धा म्हणायला लावली नाही. एकदा स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "मॅडम, ती पोरगी सगळ्या वर्गात एकटी बरोबर बोलत होती."

कन्नडच्या पेपरला परीक्षा केंद्राच्या बाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापाशी आम्ही दोघं उभे होतो. पेपर सुटला. पोरं उड्या मारत आली. "सर, रजेचा अर्ज आलता! कारण आपल्या मनाचं लिहायचं हुतं! आमी समद्यांनी अक्काचं लगीन लिहिलं!"

सर हसल्यासारखं करत होते, आणि त्यांच्या डोक्यावरून गेटकडं बघत होते.

रेणुका सगळ्यांच्या शेवटी आली. पॅड छातीशी धरलेलं. सर रस्ता ओलांडून तिच्यापाशी गेले. मीही मागून गेले. त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"अर्ज लिहिलास?"

"व्हय सर, लिहिला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग... लग्न कुणाचं लिहिलंस बाळ?"

रेणुकानं त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"कुणाचंच न्हाई सर. ताप आलाय म्हणून लिहिलं."